बाजूचा भांग

पाणीकचेरीच्या खिडकीपाशी रांगेत उभा असलेला न्हावी पुढच्या बाईंचं आणि कारकुनाचं बोलणं ऐकत होता. वीस वर्षं तो गिऱ्हाइकांना आपण इथलाच असल्याचं सांगत आला होता.

“पाटीवाल्यांचे अर्ज आज घेत नाही.”

“कोणाचे?”

“पाटीवाल्यांचे. तुम्हा डोंगराकडच्यांना सगळे तेच म्हणतात, बाई. त्यात एवढं चिडण्यासारखं काय आहे?”

“शब्द आला कुठून, ठाऊक आहे?”

“डोक्यावर पाट्या घेऊन आलात, म्हणून असेल.”

“आलो नाही, आणलं आम्हाला. तुमचं तळं खणायला. माझ्या आजीने सात वर्षं डोक्यावरून माती वाहिली. टाळूवर तळहाताएवढ्या जागेत पुन्हा केस म्हणून उगवले नाहीत. मरेपर्यंत बाजूला भांग पाडून ती जागा झाकत होती. त्या तळ्याचं पाणी तुम्ही रोज पिता, आणि आमच्या नळाला आठवड्यातून एकदा.”

“उगाच गाडलेली मढी उकरू नका. लोक थट्टेत म्हणतात.”

“मग घरी जाऊन स्वतःच्या आजीची करून बघा तशी थट्टा.”

“मला रांग पुढे सरकवायचीय. काय हो, तुम्ही तर इथलेच. तुमच्या दुकानातही म्हणतातच की सगळे.”

“म्हणतात. मीही म्हणतो.”

“ऐकलंत, बाई?”

न्हाव्याने बाईंच्या हातातला अर्ज घेतला आणि खिडकीतून आत सरकवला.

“माझी आईही भांग बाजूलाच पाडायची. हा अर्ज आधी घ्या.”