मिलिंदच्या खेळातले दगड

कॉम्प्युटरच्या खेळांचं काढलंच आहे, तर आमच्या मिलिंदचं ऐका. चंद्रपूरला आम्ही एका खोलीत राहायचो, साल असेल सत्त्याऐंशी. टीव्हीला जोडायच्या कॉम्प्युटरवर त्यानं एक जंगल बनवलं. पडदाभर हिरवं. मनात येईल तिकडं फिरा, दगड उचला, वाघ दिसला की मारा.

धानोऱ्याचा देवराव खेळायला बसला अन् नाल्याजवळ वाघानं त्याला धरलं. त्याच्यानंतर मी बसलो. नाल्याजवळ पोचलो अन् हातातला दगड तिथंच ठेवला.

मिलिंद भडकला. "ठेवला काऊन? वाघाले मारासाठी दिला ना तो!"

"देवराव मेला ना इथी. तसाच कसा पुढं जाऊ?"

आमच्याकडे वाघानं माणूस नेला, की त्या जागी येणारा-जाणारा दगड ठेवतो. मग काय, जो बसेल तो तेच करू लागला. ढीग वाढत गेला. देवराव तर त्या बाजूला फिरकेचना.

शेवटी मिलिंदनं वैतागून ढीगच पुसून टाकला. नाल्याजवळ पुन्हा साफ हिरवं.

त्याच रविवारी माझा मेव्हणा आलापल्लीहून आला. कॉम्प्युटर त्यानं पहिल्यांदाच पाहिला. दगड कसा उचलायचा, कसा ठेवायचा, एवढंच मिलिंदनं शिकवलं. वाघाचं आम्ही नावही काढलं नव्हतं. फिरत फिरत तो नाल्याजवळ गेला, थांबला अन् दगड खाली ठेवला.

मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "भाऊजी, इथी वाघानं कोणाले नेलं?"