आता नको, आवरून घे

दौंड स्टेशनच्या बाकावर माझ्या शेजारी स्नेहल नावाची मुलगी लॅपटॉप घेऊन बसली होती, पलीकडे तिची आत्या.

"गप का बसलंय गं तुझं मशीन?"

"वाट बघतंय, आत्या. डेअरीच्या काट्यावरनं एकेक आकडा येतो. हा आला की माझा लूप, म्हंजी तेच काम फिरून फिरून करणारा भाग, पुढचा मागतो. नेट गेलं, आकडा आलाच न्हाई, आन् प्रोग्रॅम तिथंच बसला."

"चुकलं म्हणून सांगत न्हाई व्हय?"

"चुकलंच न्हाई ना. निस्तं थांबलंय. म्हणून टाइमआउट लावतीय. थोडा वेळ थांबायचं, न्हाई आला तर सोडून बाहेर पडायचं."

"झालं की मग."

"कुठलं? मी बाहेर पडले तरी आकडे देणारा जनरेटर, म्हंजी प्रोग्रॅमचाच दुसरा तुकडा, उघडाच ऱ्हातो. त्याला सांगावं लागतं, आता नको, आवरून घे."

"सांगितलं की लगीच ऐकतो?"

"न्हाई. हातातलं काम सुटल्यावर ऐकतो. पण सांगायचं आपणच."

"आन् सत्यजीतला सांगितलंस?"

"त्याचं काय इथं?"

"साखरपुड्यानंतर त्याचा फोन येईना, म्हणून तू मनातनं लग्न मोडलंस. त्याला कुठं ठावं हाय? काल त्याच्या आईचा फोन आलता. बस्ता बांधायला कवा येताय, विचारत व्हत्या."

स्नेहल परत लॅपटॉपवर टाइप करू लागली.

"मिट ते. फोन लाव त्याला."

"न्हाई उचलला तर?"

"वाजू दे. मी हाय न्हवं संगं. गाडीला येळ हाय अजून."