शेपटीला ‘री’

...आणि वर लोक मलाच म्हणतात, तुमच्या धारवाडची पोरं किती मर्यादशील हो! आहेत ना. तुम्हाला सांगते, शेवटी मानाचा कानडी ‘री’ लावल्याशिवाय आमच्याकडे कुणी अपमानसुद्धा करत नाही. “मॅडम, तुमचं शिकवणं कळत नाही री.” “झोप आली री.” “तास कधी संपणार री?” एवढ्या अदबीनं विचारल्यावर रागवायचं कुणावर? ‘री’वर? मला तर काही वाटेनासंच झालंय.

मी मुळात घर सांभाळणारी बाई. सोमवार, शुक्रवार, संकष्टी, पोथी, भाकरी... कधीकाळी राज्यशास्त्रात एम.ए. केलं होतं, ते कुणीतरी इथल्या कॉलेजच्या प्रिन्सिपॉलसाहेबांच्या कानावर घातलं, तिथले सर लांबच्या रजेवर गेले, आणि मी फळ्यापुढे उभी, ‘नागरिकांची कर्तव्ये’ घेऊन. कर्तव्ये! पुढच्या बाकावर फोनमध्ये क्रिकेट, मधल्या बाकावर वेणीफणी, आणि मागे तो चन्नवीर, मांडीवर गिरमिटाची, म्हणजे आमच्याकडच्या कांदा घातलेल्या चुरमुऱ्यांची पुडी. मी नुसतं बघितलं, तर उठून उभा राहिला आणि पुडीच पुढे केली. “घ्या री मॅडम.” म्हटलं, शुक्रवार आहे रे बाबा, उपास. तर म्हणतो कसा, “मग कांदा काढून देऊ का री?” काही वाटलं नाही. खरंच.

धडा दर वेळी पहिल्या पानावर सुरू व्हायचा आणि दुसऱ्यावर जीव सोडायचा. शेवटी बनशंकरी देवीला सांगून टाकलं, आई, वर्ग गप्प राहून हा एक धडा शेवटपर्यंत जाऊ दे, तोवर चहात साखर घेणार नाही. हे कळल्यावर आमच्या यजमानांनी पेपरातून मान वर न काढता विचारलं, म्हणजे साखर आणायची बंदच का आता? बघा, घरच्या माणसाचा विश्वास!

आता नवस कुणाला सांगायचा नसतो, म्हणून मी फक्त शेजारच्या भुवनेश्वरीच्या आईला सांगितला. आणि भुवनेश्वरी माझ्याच वर्गात, हे मला तेव्हा आठवायला नको?

काल वर्गात पाऊल ठेवलं तर चिडीचूप. फोन नाही, फणी नाही. मला वाटलं, कुणी गेलं की काय... शिकवायला लागले. पहिलं पान झालं, दुसरं झालं, तिसऱ्यावर माझाच आवाज मला ऐकू यायला लागला, तुम्हाला सांगते, भीती वाटली हो. सगळी पोरं हाताची घडी घालून, जशी काही आरतीला उभी! दीड पान उरलं. आणि चन्नवीरचा हात वर. म्हटलं, काय रे? तर अगदी कुजबुजत,

“एक शंका आहे री. विचारली तर तुमचा नवस मोडेल का री?”

आता सांगा! सबंध वर्षात पहिल्यांदा कुणाला तरी शंका आलेली. तो ओठ चावत उभा, भुवनेश्वरी त्याच्याकडे डोळे वटारतेय, तिकडे बनशंकरी साखर अडवून बसलीय... इतके दिवस काही वाटत नव्हतं ना मला? त्या क्षणी मात्र वाटलं, गेली साखर तर गेली.

“विचार,” म्हटलं.

“मत देणं कर्तव्य आहे, तर दिलं नाही म्हणून दंड का नाही री?”

झालं. भुवनेश्वरी ताडकन उठली, रोजावर जाणाऱ्या बाईनं खाडा करून मत द्यायचं आणि नाही दिलं तर वर दंडही भरायचा का, म्हणाली. पुढचा बाक म्हणतो दंड हवाच, मागचा म्हणतो आधी निवडून आल्यावर तोंड न दाखवणाऱ्यांना लावा री, कुणी बाक बडवतोय, कुणी खरोखर पुस्तक उघडून शोधतोय, आणि या सगळ्यांच्या वर एक आवाज चाललाय... शेजारच्या वर्गावरचे हुद्दार सर दाराशी आले. पोरांकडे बघितलंसुद्धा नाही.

“मॅडम, जरा हळू बोला री.”

मला! तेवढ्यात घंटा झाली. दीड पान तसंच.

आज ते संपवायला गेले, तर पोरं म्हणतात, मॅडम, दंडाचं अजून ठरलं नाही री. आणि पुढचा धडा कुठला, माहिताय? ‘नागरिकांचे हक्क’. तो काय या जन्मात संपतोय होय?