मोरावळा आणि ‘पा तेरिब्ल’

हॅलो?… हॅलो, हौसा? अगं मी छबू, सोनईवरनं… व्हय, समदं ठीक हाय. ठीक काय, लई भारी हाय! आपला मोरावळा फ्रान्सला चालला!

…आपलाच! सुनेनं जमवलं, पंकजानं… अगं ऐक ना, मधी बोलू नको.

सकाळी ती फ्रान्सची बाई आली माल बघायला. शेडमधी बसली, मोरावळा चाखला आन म्हनली, "पा तेरिब्ल." मच्छिंद्रनं मोबाईलला इचारलं. मोबाईल म्हनला, ‘भयंकर नाही’. झालं! माझं पोरगं खूश, पेढ्याचा पुडा फोडला…

न्हाई ना! तिथंच तर घोळ. पंकजाचा चेहराच पडला. कानात म्हनली, "आत्या, आपुन ‘भयंकर गोड’ म्हनतो ना, तसंच त्यांचं. ‘तेरिब्ल’ म्हंजी लई भारी. आन ‘पा तेरिब्ल’ म्हंजी… काही खास न्हाई."

…व्हय! बाई पर्स काखंत मारून उठली बी हुती. मग पंकजा पुढं झाली. भाकरी थापता थापता मोबाईलवर शिकलेली भाषा, खऱ्या मानसाशी पयल्यांदाच बोलत हुती. तरी इचारलंच, काय कमी हाय?

…बाई म्हनली, निस्ती साखर लागती… मग काय! परदेशी मानसाला गूळ रुचायचा न्हाई म्हनून मच्छिंद्रनंच गूळ सोडून साखर घातलेली.

पंकजा तडक सैपाकघरात. घरची बरणी आनली, गुळाची, सुंठ-लवंग घातलेली. बाईनं फोड तोंडात टाकली… थांब गं, सांगते ना! डोळं मिटलं. आन म्हनली, "सा मार्श!"

…म्हंजी ‘चालतंय’! अगदी आपल्यावानी, चालतंय की! संक्रांतीच्या आत पयला माल धाडायचाय.

…मच्छिंद्र? पेढा घिऊन बायकोपुढं उभा. "मलाबी शिकव," म्हनला.

आन निघताना बाई म्हनली, "आ ब्यांतो." म्हंजी लवकर भेटू. आपुन दारातनं ‘जाते’ म्हनतो का? ‘येते’च म्हनतो… व्हय ना! मला भरूनच आलं. कुंकू लावलं तिला.

…तुला म्हनायचंय? म्हन. आ ब्यांतो… ‘बांधतो’ न्हाई गं! ब्यांतो… हसू नको, परत म्हन… हां! जमलं!… हॅलो? हॅलो?… गेला फोन.

पंकजाऽ! अगं, तुझी मावससासू फ्रेंच बोलली!