मुहूर्ताच्या दिवशी मारुती

रूपा : बस आबा, पुरे. चावी सोडा. सेल्फ झकास फिरतोय, बॅटरी बी चांगली शे. उगाच फिरवत राहिलात तर बॅटरी बसेल, मग खरंच ढकलावी लागेल.

शांतीलाल : म्हणजे नाहीच होत चालू. बघ चंदन, मी सकाळपासून हेच सांगतोय. वीस वर्षांची मारुती आहे. तिच्या मनात नसेल आज.

चंदनबाई : गाडीला कसलं आलंय मन. पण काय गं रूपा, तुला बोलावलं कुणी? आम्ही तर फोन केला नव्हता.

रूपा : अखिलभाऊंनी. धुळ्याहून. म्हणाले, नव्या फ्लॅटमध्ये गृहप्रवेशाचा कुंभ ठेवायचा मुहूर्त साडेबाराचा शे, मी पूजेला बसलोय, उठता येत नाही, आणि आई-बाबांची गाडी धरणगावात दारातच अडकून पडली. गॅरेज तसंच उघडं टाकून आली मी.

शांतीलाल : त्याला भारी घाई. जरा वाट बघायची.

रूपा : टॅक्सीचं बी बोलत होते.

चंदनबाई : मला दुसऱ्याच्या गाडीत उलट्या होतात. त्याला माहिती आहे ते.

रूपा : आणि डिक्कीत एवढ्या बॅगा? कायमचे चालले की काय?

शांतीलाल : कायमचेच. आज कुंभ ठेवला की आम्ही तिथलेच. परवा चातुर्मास बसतो, मग चार महिने नव्या घरात पाऊल ठेवायचं नाही. म्हणून आजच.

रूपा : मग आजच चालू करू. हे बघा, सेल्फ फिरतो तरी गाडी उठत नाही, म्हणजे दोनच गोष्टी बघायच्या. प्लगला करंट येतो का, आणि इंजिनात पेट्रोल येतं का. आधी करंट. मी हा जादाचा प्लग बॉडीला टेकवून धरते. आबा, मारा सेल्फ.

शांतीलाल : मारला. ठिणगी दिसली?

रूपा : काहीच नाही. थांबा, चावी तशीच चालू ठेवा, ठिणगीला करंट देणाऱ्या कॉइलवर टेस्ट लॅम्प लावते. हं. दिवा लागत नाही. कॉइलपर्यंत करंटच पोचत नाही.

शांतीलाल : करंट नाही? असं कसं होईल? नीट बघ ना. करंटचं काही कारणच नाही.

रूपा : कारण नाही म्हणजे?

शांतीलाल : म्हणजे, असं आहे बघ, मला त्यातलं काय कळतं.

चंदनबाई : अहो, पोरगी उन्हातून आलीये. वर जाऊन पाणी तरी आणा. माठातलं. आणि सतरा पायऱ्या सावकाश चढा, घाई नाही.

शांतीलाल : जातो. पण करंट नाही म्हणजे कमालच झाली.

चंदनबाई : गेले. रूपा, इकडे ये. ती वायर फार शोधत बसू नकोस.

रूपा : सापडली अक्का. ही हिरव्या टेपची वायर कंपनीची नाही. आणि टेप असा तिरका गुंडाळायची रीत मना बापाची शे, मी डोळे मिटून ओळखेन. डाव्या सीटखाली जाते. तिथे तर तुम्ही बसता.

चंदनबाई : हळू बोल.

रूपा : चोर स्विच शे हा. चोराने गाडी नेऊ नये म्हणून बसवतात. धरणगावात वीस वर्षांची मारुती न्यायला कोण येणार?

चंदनबाई : चोरासाठी नाही, यांच्यासाठी. नऊ वर्षांपूर्वी डोळ्यात मोतीबिंदू, तरी चाळीसगावला गाडी घेऊन निघायचे. ऐकतच नव्हते. मी तुझ्या वडिलांना म्हटलं, हिलालभाऊ, असं काही करा की मी म्हणेन तेव्हाच गाडी चालू होईल. ऑपरेशन झाल्यावर तो काढायचा होता. पण मग सवय लागली.

रूपा : म्हणून मना बाप दर महिन्याला तुमच्याकडे यायचा. आणि घरी येऊन सांगायचा, शांतीलालशेठच्या मारुतीचा फॉल्ट लई अवघड शे.

चंदनबाई : गुणी माणूस. कधी तोंडातून अक्षर काढलं नाही.

रूपा : मग आज कशासाठी? आबांचे डोळे तर आता चांगले शेत.

चंदनबाई : मला नाही जायचं धुळ्याला. खरं सांगते. यंदा साध्वीजींचा चातुर्मास आपल्या गावात आहे. चाळीस वर्षांच्या मैत्रिणी इथे. तिथे सातव्या मजल्यावर मी कुणाशी बोलू, लिफ्टशी?

रूपा : मग आबांना सांगा ना.

चंदनबाई : कसं सांगू? त्यांचं मन आहे तिकडे. या जिन्याने त्यांचा दम निघतो. अखिलने विचारलं तेव्हा आधी यांनीच मान हलवली. मी कोण मोडता घालणारी? पण आजचा मुहूर्त टळला तर चार महिने मिळतात. तेवढे दे मला. सांग, बिघाड मोठा आहे.

रूपा : ते नाही जमायचं अक्का. बाबांनी माझ्यावर विश्वास ठेवून गॅरेज दिलं. अजून निम्मं गाव म्हणतं, पोरीला काय जमणार. हिलालच्या पोरीला साधी मारुती चालू करता आली नाही, ही गोष्ट संध्याकाळपर्यंत एरंडोलला पोचेल. मी स्विच दाबते. आबांना काय सांगायचं ते तुम्ही बघा.

चंदनबाई : दाब बाई. बापावर नाही गेलीस तू.

शांतीलाल : हे घे पाणी. सापडला का फॉल्ट?

रूपा : वायर ढिली होती. बघा, कॉइलवर दिवा लागला. आता मारा सेल्फ.

चंदनबाई : मारा. होऊन जाऊ दे एकदाचं.

शांतीलाल : मारतोय. फिरतोय, फिरतोय. नाही गं होत.

चंदनबाई : असं कसं नाही होत? आता का नाही? रूपा, तू तो, ती वायर नीट लावलीस ना?

रूपा : लावली. थांबा, कुणी बोलू नका. आबा, चावी बंद करा. आता परत फक्त ऑन करा, सेल्फ मारू नका. मागच्या टाकीत पेट्रोलचा पंप शे, चावी दिली की दोन सेकंद घुमतो. ऐकू येतंय काही?

चंदनबाई : शेजारची शिलाई मशीन ऐकू येतेय. आणि वर फोन वाजतोय. अखिलच असणार. मी बघते.

रूपा : आबा, फ्यूजबॉक्सचं झाकण उघडलंय मी. पंपाचा फ्यूज कुठे शे?

शांतीलाल : जळला असेल.

रूपा : जळालेला फ्यूज जागेवर सापडतो. इथे जागाच रिकामी शे. कुणीतरी सावकाश काढला आणि झाकण परत नीट लावलं.

शांतीलाल : उन्हाने तुझा घसा सुकला असेल. लवंग घे, ही डबी धर.

रूपा : आबा, ही निळी लवंग कोणत्या दुकानातून आणली?

शांतीलाल : अरे बापा.

रूपा : पंधरा अँपिअरची शे. जपून चावा.

शांतीलाल : हसू नकोस. सकाळी सामायिकाच्या ध्यानाला बसलो होतो. मन लागेना. तसाच उठलो, खाली आलो आणि काढला. हिलालनेच एकदा दाखवलं होतं, कोणता फ्यूज कशाचा. पाप लागलं असेल, लागू दे.

रूपा : पण का?

शांतीलाल : असं आहे बघ. माझं सरकी-ढेपेचं दुकान अखिलच्या लेखी दिवाळीलाच बंद झालं. पण मी रोज अर्धं शटर वर करून बसतो. विकत काही नाही. जाणारा म्हशीवाला थांबतो, विचारतो, शेठ, जेवले का. धुळ्यात मला असं कोण विचारणार? पाहुण्यासारखं सोफ्यावर बसून राहायचं मरेपर्यंत. भीती वाटते गं मला त्याची.

रूपा : अक्कांना सांगितलं?

शांतीलाल : छे. तिचा जीव तिथे अडकलाय. रिद्धी आणि संयम, नातवंडांची नावं निघाली की फुलते ती. अखिलने विचारलं तेव्हा मी हो म्हटलं, ते तिच्याकडे बघूनच. तू तिला यातलं काही बोलू नकोस. फ्यूज बाजारात मिळत नाही, सांग.

रूपा : आबा, एक गोष्ट सांगते. एका गाडीत एकाच सकाळी दोन फॉल्ट सहसा येत नाहीत. आले तर समजायचं, कुणीतरी हात लावला. आणि इथे हात दोघांचे शेत.

शांतीलाल : दोघांचे म्हणजे?

चंदनबाई : अखिलच होता. विचारतोय निघालात का. काय झालं? तोंडं अशी का तुमची?

रूपा : अक्का, तुमच्या सीटखाली काय शे ते आबांना दाखवा. आबा, तुम्ही ती डबी उघडा. मी तिकडे नळावर हात धुवून येते. मला घाई नाही.

चंदनबाई : फ्यूज तुम्ही काढला?

शांतीलाल : आणि हा स्विच तुझा? नऊ वर्षं? म्हणजे त्या भुसावळच्या मेळाव्याच्या दिवशी गाडी बंद पडली ती?

चंदनबाई : ऊन फार होतं.

शांतीलाल : आणि हिलाल येऊन बोनेटमध्ये डोकं घालून अर्धा तास उसासे टाकायचा.

चंदनबाई : मग चहा प्यायचा आणि सीटखाली हात घालायचा.

शांतीलाल : मी त्याला कौतुकाने शाल दिली होती, चंदन. चार माणसांत.

चंदनबाई : शोभली त्याला. पण तुम्ही मान का हलवली होती अखिलसमोर?

शांतीलाल : तुझ्यासाठी. तू का हलवलीस?

चंदनबाई : तुम्ही हलवलीत म्हणून. मला वाटलं, जिना नकोसा झालाय.

शांतीलाल : जिना नकोसा झालाय तर मधल्या पायरीवर बसतो दोन मिनिटं. त्यासाठी गाव सोडतं का कुणी?

रूपा : झालं बोलून? मी फ्यूज बसवला. ही चावी, आणि हे बघा. एका फेरीत उठली.

चंदनबाई : बाई, काय गोड आवाज आहे. बंद कर.

रूपा : आत्ता कुठे पावणेअकरा झालेत. पारोळ्यावरून गेलात तर साडेबाराच्या आधी सहज पोचाल.

शांतीलाल : रूपा, तूच फोन कर अखिलला. सांग, कॉइल जळाली.

रूपा : मी नाही. गाडी दारात घुमतेय आबा, फोनमधून त्यांना ऐकू जाईल.

चंदनबाई : अहो, द्या तिला सोडून. आपलं आपणच बोलू. पण त्याला लागेल हो. किती हौसेने घेतलंय त्याने, आपली खोली पूर्वेकडे काढलीये.

शांतीलाल : लागेल. म्हणून तर लवंगांमध्ये फ्यूज लपवत बसलो. दे फोन.

(शांतीलाल फोन लावतात.)

शांतीलाल : अखिल. हो, चालू झाली. अरे ऐक, गाडीत फॉल्ट नव्हताच. एक तुझ्या आईने केला होता, एक मी. नाही, चेष्टा नाही करत. आम्ही येतोय. कुंभाला हात लावू, मुलांबरोबर जेवू. पण राहायला नाही येत, बेटा. तुझ्यावर राग नाही. तू सगळं चांगलंच केलंस. आम्हाला इथेच बरं वाटतं. हो, दोघांनाही. एकमेकांना विचारलंच नव्हतं आम्ही, आत्ता विचारलं.

चंदनबाई : रूपा, बॅगा उतरव. ती लाल तेवढी राहू दे, तिच्यात मुलांचे लाडू आहेत.

शांतीलाल : अखिल? आहेस ना फोनवर? बरं. बरं. ठेवतो.

चंदनबाई : काय म्हणाला?

शांतीलाल : आधी हसला. मग मागे महाराज पूजेला बोलावत होते, तरी फोन ठेवेना.

चंदनबाई : दुखावला का हो?

शांतीलाल : म्हणाला, बाबा, सावकाश चालवा. आणि जेवण झालं की लगेच निघा, दिवस मावळायच्या आत घरी पोचा.