टीव्ही बिघडलेला नाही

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नव्हतं — शपथ वगैरे नाही घातली कुणी, पण "कुणालाही नाही" असं मी दोनदा कबूल केलंय — पण काका, तुम्ही तो चौथा स्क्रू काढायच्या आत सांगायलाच हवं. टीव्ही बिघडलेला नाही. नाही नाही, मान बाहेर काढू नका, तसेच मागे राहा, तुमचं तोंड दिसत नाहीये म्हणूनच मला बोलता येतंय. वर्गात बाई मला उभं करतात ना, तेव्हा मी फळ्याकडे बघून उत्तर देते. सगळे हसतात, पण उत्तर बरोबर असतं. ऐकू येतंय ना? याहून मोठ्यानं नाही बोलणार. आत आईचं शिलाई मशीन चालू आहे, त्याच्या आवाजात बोलून घेते. ते थांबलं की मी पण थांबेन, मग तुम्ही आपलं काहीतरी ठोकत बसा.

वायर पण चांगली आहे. तुम्ही उगाच काढून फुंकर मारलीत. टीव्हीवर "सिग्नल नाही" येतंय, कारण सिग्नल येतच नाहीये — तो टेबलाखालचा काळा डबा बघा, तो कॉम्प्युटर, तो टीव्हीला चित्र पाठवतच नाही, कारण मीच त्याला पाठवू नको म्हणून सांगितलंय. सेटिंगमध्ये. दोन बटणांचं काम. तीन दिवस झाले. आईला वाटतंय टीव्ही गेला, बाबांना वाटतंय टीव्ही गेला, आणि मी पण "अगंबाई, गेला वाटतं" असं म्हणाले. मला खोटं बोलता येत नाही असं आजवर सगळे म्हणायचे. येतं की.

तो डबा बाबांच्या ऑफिसातला. तीन महिन्यांपूर्वी पिशवीत घालून आणला, म्हणाले, ऑफिसात नवे आले, जुने वाटून टाकले. इतका जुना की नेहमीचं विंडोज घातलं की गुरगुरायचा नुसता. मग मीच म्हणाले, बाबा, लिनक्स घालू, ते फुकट असतं आणि म्हाताऱ्या मशीनवरही पळतं, आपण याचा टीव्हीसाठी कॉम्प्युटर करू — फोटो, गाणी, सिनेमे, सगळं मोठ्या पडद्यावर. बाबा म्हणाले, तुला येतं? मी म्हणाले, वाचून येतं. दोन रविवार गेले. पहिल्या रविवारी चित्र आलं, आवाज नाही. माणसं नुसती तोंडं हलवतायत. बाबा म्हणाले, वा, शांततेचं घर! आवाज जात होता डब्याच्याच टीचभर स्पीकरला, तो टीव्हीकडे वळवायचा असतो, ते कळायला मला आठवडा लागला. मग चित्राच्या कडा कापल्या जायच्या — टीव्हीची खोड असते ना ती, चारी बाजूंनी बोटभर खायचं, तुम्हाला माहीतच असेल. बाबा म्हणाले, असू दे गं, बोटभरानं काय बिघडतंय. पण मला अर्धवट आवडत नाही. मी ते पण नीट केलं. शेवटी सगळं लागलं तेव्हा बाबांनी माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाले, तुला नोकरीला ठेवायला पाहिजे कुणीतरी. म्हणाले आणि एकदम उठून उरलेल्या वायरी गुंडाळायला लागले. मला तेव्हा कळलं नाही का उठले ते.

मग एक दिवस शाळेत पाणी आलं नाही म्हणून अकरालाच सोडलं. मी किल्लीनं दार उघडलं, तर इथे, याच खोलीत, बाबा. खुर्चीत ताठ बसलेले. वर इस्त्रीचा शर्ट, टाय — आणि खाली घरातली अर्धी चड्डी. समोर टेबलावर तो छोटा कॅमेरा, आणि त्याच्याशी बोलतायत — "मी एकोणीस वर्षं हिशेब विभागात जबाबदारीनं काम केलं आहे." हसू नका. मी पण आधी हसलेच. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

नोकरी गेलीय त्यांची. डबा आणला ना, त्याच आठवड्यात. रोज नऊला बॅग घेऊन निघतात, वाचनालयात पेपर वाचत बसतात, साडेदहाला आई कपडे शिवायच्या दुकानात गेली की घरी येतात, मुलाखतीचा सराव करतात, आणि आई दोनला यायच्या आत पुन्हा बाहेर. संध्याकाळी साडेसहाला दमून येतात. खरंच दमलेले असतात. म्हणाले, आईला नको सांगूस, मीच सांगेन, एखादी नोकरी हातात आली की सांगेन, म्हणजे दोन्ही बातम्या एकदम देता येतील. कुणालाही नाही हं. मी म्हणाले, नाही. पुन्हा म्हणाले, कुणालाही नाही. मी पुन्हा नाही म्हणाले. हेच ते दोनदा.

आता बघा घोळ कसा झाला — आणि तो माझ्यामुळेच झाला. टीव्हीवरचा जो प्रोग्रॅम आहे ना, तो डब्यातले सगळे व्हिडिओ स्वतः शोधतो आणि चित्रांसकट ओळीत मांडतो. मी त्याला सांगून ठेवलं होतं, व्हिडिओच्या कपाटात जे जे येईल ते ते घे. आणि डब्याला जोडलेला बाबांचा कॅमेरा त्याच कपाटात व्हिडिओ टाकतो! माझ्या लक्षातच आलं नाही. एक दिवस शाळेतून येऊन टीव्ही लावला, तर पहिल्याच ओळीत, "नवीन आलेले" म्हणून, टाय घातलेले बाबा. एक नाही, ओळच्या ओळ. फायलींना नुसत्या तारखा होत्या, म्हणून त्या शहाण्या प्रोग्रॅमनं ती मालिका ठरवली. भाग एक, भाग दोन, भाग तीन. भाग सातमध्ये बाबांचे डोळे मिटलेले, नेमकं तेच चित्र वर लावलेलं.

मी बघितले. बघू नयेत हे कळत होतं, तरी बघितले, आवाज बारीक करून. नऊ बघितले. प्रत्येकात ते स्वतःलाच विचारतात, आधीची नोकरी का सोडली? आणि प्रत्येकात उत्तर वेगळं. घराजवळ काम हवं होतं. नवीन काही शिकायचं होतं. विभाग बंद झाला. नवव्यात म्हणाले, "मला काढलं." मग चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला, आणि म्हणाले, "नको, हे नको," आणि परत पहिल्यापासून सुरुवात केली — "नमस्कार." त्यापुढे मला बघवेना. मी ती आख्खी मालिका "लपवा" केली. झालं, वाटलं, सुटले. तर दुसऱ्या दिवशी परत पहिल्या ओळीत हजर. परत लपवली. परत हजर. प्रोग्रॅममध्ये काहीतरी किडा असणार, फुकटचा आहे ना शेवटी.

आणि मग सत्ताविसावा आला. बाकीचे चार-पाच मिनिटांचे असतात, हा बावीस मिनिटांचा. टाय नाही. घरातला सदरा. मुलाखत नव्हतीच ती. बाबा म्हणतात, "अगं, जरा बस ना इथे." थांबतात. "अगं, एक गंमत झाली" — मग स्वतःच मान हलवतात, "गंमत काय, गाढवा." मग पुन्हा, "हे बघ, चिडू नकोस." मग उठून ती हिरवी खुर्ची समोर आणून ठेवतात, रिकामी, आणि तिच्याकडे बघून — काका, ते आईला सांगायचा सराव करत होते. मी मोजलं, अकरा वेळा. एकदा तर खुर्चीवरच खेकसले, "मग काय करायला हवं होतं मी, तूच सांग!" आणि लगेच म्हणाले, "नाही. ती असं काही विचारणारच नाही. ती काहीच बोलणार नाही, तेच तर."

म्हणून मी टीव्ही बंद केला. त्याच संध्याकाळी. म्हटलं, आईनं चुकून रिमोट दाबला आणि हे समोर आलं तर? ही गोष्ट तिनं त्यांच्या तोंडून ऐकायला हवी. पडद्यावर नाही, आणि खुर्चीला सांगितलेली तर मुळीच नाही. फायली पुसून टाकता आल्या असत्या मला, पण त्या बाबांच्या आहेत. सोमवारी त्यांची खरी मुलाखत आहे. झाली की सांगणार आहेत, ठरवलंय त्यांनी. तेवढ्यासाठी, काका — तुम्ही आईला एवढंच सांगा, की आतलं काहीतरी जळलंय, बाहेरून मागवावं लागेल, मंगळवार उजाडेल. तुमचं तर रोजचंच असेल ना हे सांगणं? नाही, तसं नाही म्हणायचं मला. चुकलं. म्हणजे तुम्ही सांगितलंत तर ती विश्वास ठेवेल. मी सांगितलं तर डोळ्यांत बघते.

आणि आता आलाच आहात तर एक विचारू? तुम्ही जाणकार. त्या प्रोग्रॅममध्ये आपण एखादा भाग पूर्ण बघितला की त्याच्या कोपऱ्यात बरोबरची खूण येते. मी नऊ बघितले आणि तो सत्ताविसावा. पण त्या दिवशी टीव्ही बंद करायच्या आधी मी बघितलं, तर खुणा सगळ्यांवर. एक ते सव्वीस, ओळीनं. अशा आपोआप येतात का खुणा? कधीकधी? — नाही? — कुणीतरी शेवटपर्यंत बघितल्याशिवाय नाहीच?

बाबांनी बघितले असतील. पण बाबा या प्रोग्रॅममध्ये बघत नाहीत, ते कॅमेऱ्याच्याच चिमुकल्या पडद्यावर बघतात, त्याची खूण इकडे येत नाही. आणि त्यांना माहीतच नाहीये की ते टीव्हीवर दिसतात, नाहीतर त्यांना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं असतं. मग घरात उरलं कोण? मी आणि — नाही हो, आईला तर रिमोटवर आवाज कुठला आणि चॅनेल कुठलं हे कळत नाही. टीव्हीनं तिचं डोकं दुखतं. दोनला येते, पाचला मी येते, तेवढ्यात ती —

थांबा जरा. "लपवा" केलेलं आपोआप परत येतं का? — कुणीतरी "दाखवा" दाबल्याशिवाय येत नाही?

त्या सोफ्यावर दोऱ्याची टोकं असतात रोज. आत्ताही आहेत, बघा, निळी. मी रोज झटकते आणि म्हणते, आई तुझे दोरे घरभर फिरतात. पण मशीन आतल्या खोलीत आहे. आणि इथे बसलं की समोर फक्त टीव्हीच आहे ना. आणि गेले दोन महिने ती दुकानातून आल्यावर घरी पण शिवते, रात्रीपर्यंत शिवते. मी विचारलं, एवढं काम कशाला घेतेस गं, तर म्हणाली, हौस. पायांना गोळे येतात तिच्या. हौस!

आणि तुम्हाला फोन केला तेव्हा काय म्हणाली ती? मी इथेच होते. "लवकर या हो, तीन दिवस झाले, माझं बघायचं राहिलंय." मी म्हटलं, हिचं काय राहिलंय? ही तर काहीच बघत नाही. मला हसू आलं होतं, काका. खरंच हसू आलं होतं.

म्हणजे तिला माहीत आहे. पहिल्यापासून. ती दुपारी इथे बसते आणि रोज एक बघते, आणि संध्याकाळी साडेसहाला दार उघडून विचारते, "दमलात? काम फार होतं का आज?" आणि ते म्हणतात, "हो ना, फार." आणि मी मधे बसून गृहपाठ करते. तिघांनाही माहीत, आणि तिघंही एकमेकांना — आणि तिचा फक्त सत्ताविसावा राहिलाय. तुम्ही टीव्ही लावलात की ती आधी तोच लावणार. ती रिकामी खुर्ची बघणार. किंवा — काका, मला आता कळत नाहीये. तुम्हाला लावा म्हणू की नको म्हणू? तुम्ही मोठे आहात, तुम्हीच सांगा ना. बाहेर या हवं तर मागून, आता मला चालेल. ती सोमवारपर्यंत अशीच शिवत बसणार, ते सोमवारपर्यंत असेच वाचनालयात, आणि सोमवारी नाही म्हणाले त्यांना तर? मग सराव परत पहिल्यापासून?

काका.

मशीनचा आवाज येत नाहीये. कधी थांबलं ते? मी खुणांचं विचारलं तेव्हा चालू होतं ना? — आठवत नाही? — सत्ताविसाव्याचं सांगत होते तेव्हा?

आले, आई! — काय? — नाही, अजून नाही झाला सुरू — कोण, बाबा? एवढ्या लवकर? खिडकीतून दिसले? — हो, उघडते मी दार. — तू रडतेयस का? — बरं, नाही रडत, बरं. — काकांना काय सांगू? — राहू दे म्हणून सांगू? टीव्ही नकोच? — हिरवी खुर्ची? हिरवी खुर्ची कशाला हवी तुला आत्ता? — तू बसणार? पण आई, थांब ना, त्यांचा अजून सराव पुरा —