भरली गोळी पडत नाही

कालिंदी : पण रिकामं आहे ते रिव्हॉल्व्हर, महागूभाऊ. तुमच्या बंदुकांच्या दुकानात जमा करून घ्यायचं, एवढंच तर म्हणतेय.

महागू : हौ वहिनी, असन रिकामं. तुमी आधी त्याची नळी भिंतीकडं करा अन् हात काढा. रिकामं हाये हे कोनं पाह्यलं?

कालिंदी : यांनीच दाखवलं. परवा मी बोलले, ऑफिसातून निलंबित झाल्यापासून हे ठेवलंय त्या कपाटापुढे काय बसून असता, मला भीती वाटते. तर हसले. माझ्यासमोर नळी वाकवली, उलटं करून हलवलं. काही पडलं नाही. झालं समाधान, म्हणाले.

महागू : काहीच पडलं नाही?

कालिंदी : नाही. का हो?

महागू : तुमच्या सासऱ्याचं हे एन्फिल्ड, अठराशे ऐंशीचं. शंभरावर तीन वर्सं झाली या बनावटीले. याच्या आधी झाडलेल्या गोळ्यांच्या पुंगळ्या एकेक काढा लागत. लढाईत कोनाले तेवढी फुरसत? म्हनून इंग्रजानं हे काढलं. नळी वाकवली का चक्र पुढं सरकते, रिकाम्या पुंगळ्या गळून पडतात. भरली गोळी लांब, ते आतच राह्यते, वाया जाऊ नाही म्हनून. पुढं वेब्ली कंपनीचं आलं, ते सगळंच बाहेर फेकते.

कालिंदी : मग यात…

महागू : थांबा, पाहू द्या. (टेबलावर दोनदा खट् आवाज.) दोन हायेत. जिवंत.

कालिंदी : जुन्या असतील. सासऱ्यांच्या वेळच्या राहिल्या असतील.

महागू : दसऱ्याच्या पूजेआधी त्र्यंबकसाहेबच साफ कराले घेऊन आलते. तवा एकही नव्हती.

कालिंदी : हळदकुंकू मीच लावलं हो त्याला. पण त्यांना ही तऱ्हा माहीतच नसेल.

महागू : मीच सांगतली, वहिनी. लय मन लावून ऐकलं त्याईनं. दोनदा विचारलं. मले वाटलं, हौसेनं विचारून राह्यले.

कालिंदी : बसू का जरा?

महागू : बसा. घरी कोन हाये त्याईच्यापाशी?

कालिंदी : दीर आलेत, बंडोपंत. त्यांना सांगून आले, मी येईपर्यंत उठायचं नाही.

महागू : मंग हे राहू द्या इथंच. पन साहेबानं कपाट उघडून पाह्यलं तं?

कालिंदी : पाहू देत. कुठं गेलं म्हणून मला विचारावं तर लागेल. चार महिने झाले, आपणहून एक शब्द बोलले नाहीत माझ्याशी.